दुसरी किल्ली

वडिलांनी उदगीरच्या बाजारातून अलीगढी कुलूप आणलं होतं. पितळी, तळहाताएवढं, दोन किल्ल्यांचं. 2013 चा सप्टेंबर होता, मी इथिओपियाला शिकवायला निघालो होतो. विमानात किती किलो चालतं त्याची वजनं करून करून माय दमली होती आणि त्यात हे धूड. त्याच्यापायी शेंगदाण्याच्या चटणीचा एक डबा घरी ठेवावा लागला. "परमुलूख हाय," वडील एवढंच म्हणाले. "दाराला कुलूप पक्कं पाहिजे." सुरक्षिततेची त्यांची सगळी कल्पना त्या कुलपात मावली होती. माझीही काही फार मोठी नव्हती.

जायचं होतं अर्बा मिंचला. अम्हारिक भाषेत या नावाचा अर्थ चाळीस झरे. राजधानी अदिस अबाबापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर दक्षिणेला, अबाया आणि चामो या दोन तळ्यांच्या काठावरचं गाव. चामोत मगरी इतक्या की त्या बघायला लोक बोटीनं जातात. मी पाण्याचं गणित शिकवणारा माणूस: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती. लातूर जिल्ह्यातून उठून चाळीस झऱ्यांच्या गावी हे शिकवायला जायचं म्हणजे उपाशी माणसानं जेवणावळीत वाढपी व्हायचं.

तिथं उतरलो तर त्यांचं 2006 साल नुकतंच सुरू झालं होतं. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागं आहे, महिने तेरा. ते एक वेळ चालतं. घोळ घालतं ते घड्याळ. त्यांचा दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला लागतात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. पहिल्याच महिन्यात मला सांगितलं, बस अकराला सुटते. मी दहाला आंघोळ करून निवांत स्टँडवर गेलो. बस पहाटे पाचला गेली होती. तिकडं लांबच्या बसा रात्री चालत नव्हत्या, पहाटे निघून अंधाराआधी पोचायचं असा रिवाज. तेव्हा मला ती गैरसोय वाटली. पुढं त्या घाटातून दोन-चारदा गेलो, उलटलेले ट्रक बघितले, आणि रात्रीची बस नाही हे किती शहाणपणाचं आहे ते पटलं. परदेशी माणसाच्या जिवाला धोका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूकधारी उभा राहतो. रस्ता कोणाच्या डोळ्यांपुढं येत नाही, आणि माणसं जातात ती जास्त करून तिथंच.

रस्त्यानं चाललं की पोरं मागून ओरडायची, "फिरंज! फिरंज!" शब्द ओळखीचा वाटला आणि दोन दिवसांनी उजेड पडला, हा आपलाच फिरंगी. उदगीरच्या माणसाला कोणी फिरंगी म्हणेल असं माझ्या सात पिढ्यांना वाटलं नसेल. पण मोठी माणसं मात्र "हिंद?" विचारून हसायची. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून तिथल्या शाळांमध्ये भारतीय मास्तर होते. पन्नाशीच्या पुढचा कोणी भेटला की हमखास सांगणार, मला गणित हिंदनं शिकवलं. आमच्या वाड्याचा राखणदारही त्यातलाच. "माझा मास्तर हिंद होता," तो म्हणाला, "फार मारायचा." हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण त्यानं माझ्या हातांकडं एकदा बघून घेतलं.

वाड्याला तिकडं गिबी म्हणतात. भिंतीच्या आत चार-पाच घरं, एक लोखंडी फाटक आणि फाटकाशी राखणदार, झबेन्या. वयानं मोठ्या पुरुषाला आदरानं गाशे म्हणायची पद्धत, आपण आबा म्हणतो तशी. म्हणून मीही गाशेच म्हणायचो. अंगावर पांढरी जाड सुती चादर, तिला गाबी म्हणतात, हातात काठी आणि मिणमिणता टॉर्च. रात्री दहानंतर भिंतीबाहेर तरस फिरायचे. त्यांचं ते हसल्यासारखं ओरडणं पहिल्या रात्री ऐकलं तेव्हा मी अलीगढी कुलूप काढलं. पत्र्याच्या दाराला आतून कडी होती, त्या कडीला कुलूप घातलं. एक किल्ली उशाखाली, दुसरी पासपोर्टच्या पाकिटात.

आठवड्याभरात गाशेंच्या ते लक्षात आलं. सकाळी दार उघडताना कुलपाचा खडखडाट बाहेर ऐकू जायचा. त्यांनी खुणेनं विचारलं, दुसरी किल्ली? मी पाकिटाकडं बोट दाखवलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला: माझ्याकडं द्या. मी हसून मान हलवली. मनात म्हटलं, वा रे वा. अनोळखी देश, महिनाभराची ओळख, आणि याला घराची किल्ली हवी. त्या संध्याकाळी लॅपटॉप गादीखाली सरकवून झोपलो.

ऑक्टोबर संपता संपता मला ताप भरला. मोठा पाऊस सरला की त्या सखल भागात हिवतापाचा हंगाम सुरू होतो. हे मला माहीत होतं, मच्छरदाणीही होती, पण तिच्या एका कोपऱ्याचा दोरा तुटलेला आणि तो बांधायचा आळस. शुक्रवारी दुपारी थंडी वाजायला लागली. वर्गातून येऊन कडी-कुलूप केलं आणि पडलो. शनिवार कसा गेला ते मला आजही नीट सांगता येत नाही. तांब्या उशाशी होता, तो रिकामा झाला. फोन वाजत होता, तो टेबलावर होता आणि टेबल फार लांब होतं. किल्ली उशाखालीच होती. पण ती काढून, उठून, चार पावलं चालून कुलपाच्या भोकात घालायची, हे मला जमत नव्हतं.

रविवारी सकाळी दार वाजलं. हाका ऐकू आल्या. मी ओ दिली असं मला वाटलं, पण आवाज तोंडाबाहेर आलाच नसावा. मग पहारीचा आवाज. वडिलांचं कुलूप शेवटपर्यंत हललं नाही. दगा दिला तो कोयंड्यानं. तो पत्र्यातून मुळासकट उपटून निघाला आणि दार उघडलं तेव्हा बंद कुलूप कडीला तसंच लोंबत होतं. गाशे आत आले, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आयझोह." हा शब्द तिकडं पडलेल्या लेकरालाही म्हणतात आणि घरात माणूस गेलेल्यालाही. घाबरू नको, धीर धर, मी आहे, असं सगळं त्यात येतं. आपल्याकडं एका शब्दात ते बसत नाही.

मला दवाखान्यात नेलं ते बजाजमधून. तिकडं तीनचाकी रिक्षाला बजाजच म्हणतात. माझा मामेभाऊ वाळूजला बजाजच्या कारखान्यात कामाला, त्यामुळं तापात मला वाटत राहिलं की त्यानंच गाडी पाठवली. पोरांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. रक्त तपासलं, हिवताप निघाला. नर्सनं गोळ्यांच्या पाकिटावर लिहून दिलं: 2 आणि 2. मी दुपारी दोनला आणि रात्री दोनला घ्यायची तयारी करत होतो. एका विद्यार्थ्यानं पाकीट हातात घेतलं, त्यावरचे दोन्ही आकडे खोडले आणि माझ्या घड्याळाप्रमाणं आठ आणि आठ लिहिलं.

बरा झाल्यावर गाशेंना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ते म्हणाले, शनिवारी सकाळी तू "सलाम नव" म्हणाला नाहीस. वाटलं गावाला गेला असशील. पण मग फाटकातून जाताना मला सांगून गेला असतास. रात्री दिवा लागला नाही. रविवारी चर्चला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो.

कोयंडा नवा बसवला. दुसरी किल्ली मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि पुढची पाच वर्षं माझ्या माहितीप्रमाणं एकदाही वापरली नाही.

आता मला गावाकडची पोरं फोन करतात. कोणाला मालदीवच्या शाळेत नोकरी लागलेली असते, कोणाला आफ्रिकेत. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तिकडं सेफ आहे का?" मी पासपोर्टच्या झेरॉक्सबद्दल सांगतो. एक मूळ कागदांपासून वेगळी ठेव, एक घरी ठेव. दूतावासात नाव नोंदव. मदद नावाचं परराष्ट्र मंत्रालयाचं पोर्टल 2015 पासून आहे, त्यावर तक्रार करता येते, ते बघून ठेव. करार नीट वाच, राहायचा परवाना कोण आणि कधी नूतन करणार ते त्यात आहे का बघ, कारण त्याची तारीख उलटली की आपल्याकडं कितीही पदव्या असल्या तरी आपण तिथं बेकायदा. पुलांचे, सरकारी इमारतींचे, फौजफाट्याचे फोटो काढू नको. हे सगळं ते लिहून घेतात. मग मी विचारतो, तिथं तू सकाळी दिसला नाहीस तर कोणाला कळेल? यावर फोनवर शांतता. एक जण म्हणाला, "सर, फ्लॅटला सीसीटीव्ही आहे."

दूतावासाचं मोल मी कमी करत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये येमेनमध्ये बाँब पडत होते तेव्हा ऑपरेशन राहतमध्ये भारतानं साडेचार हजारांवर आपली माणसं आणि 41 देशांचे साडेनऊशेवर परके नागरिक बाहेर काढले. जिबूती म्हणजे आमच्या शेजारचाच देश, तिथं जहाजं लागत होती. त्यात आपल्या नर्सा होत्या, कामगार होते. त्याच जुलैत लिबियात सिर्तच्या विद्यापीठातल्या चार भारतीयांना पळवून नेलं. दोघं दोन-तीन दिवसांत सुटले, उरलेल्या दोघांना बाहेर यायला 2016 चा सप्टेंबर उजाडला. वर्षावर काळ. ती बातमी वडिलांनी पेपरात वाचली आणि मला फोन करून विचारलं, लिबिया तिथून किती लांब? मी म्हटलं, मधी अख्खा सुदान आहे. त्यांना ते पुरलं नाही. नकाशात दोन्ही देश एकाच खंडात दिसत होते.

गंमत अशी की पुढच्या उन्हाळ्यात काळजीची दिशा फिरली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ती बातमी जगभर गेली आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीनं फोनवर फोटो दाखवला: टाक्यांची मालगाडी. "टीचर, हे तुमचं गाव?" जिल्हा, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून निदान पाच-सहा जणांनी येऊन विचारलं, तुमच्या आईकडं पाणी आहे का? झऱ्यांच्या गावातली पोरं माझ्या मायच्या रांजणाची चौकशी करत होती. मी पाणलोट शिकवायचो त्या तासाला त्या महिन्यात जरा जास्तच शांतता असे.

त्याच सालची आणखी एक गोष्ट, ती आठवली की अजून तळहाताला घाम येतो. वर्गात चुकीचं उत्तर आलं की दोन्ही हात डोक्यावर नेऊन मी फुली करायचो. लातूरला शिकवत होतो तेव्हापासूनची सवय, पोरांना हसू यायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये इथिओपियात सहा महिन्यांची आणीबाणी लागली, पुढं ती आणखी चार महिने वाढली. मोबाइलवरचं इंटरनेट बंद. तासाला मी नेहमीसारखा एका उत्तरावर फुली केली आणि वर्ग थिजला. ऐंशी पोरं, कोणी हसेना, कोणी मान वर करेना. तास संपल्यावर एक मुलगा वही तपासायला आणल्यासारखा जवळ आला आणि वहीकडं बघतच पुटपुटला, "टीचर, हात असे करू नका. कधीच."

मनगटांची फुली ही ओरोमो या तिथल्या सगळ्यात मोठ्या समाजाच्या सरकारविरोधी आंदोलनाची खूण होती. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये फेयिसा लिलेसानं रौप्यपदक मिळवताना शेवटची रेषा हात असेच धरून ओलांडली होती. मी ते टीव्हीवर पाहिलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. आणीबाणीत ती खूण करायलाच बंदी आली होती. आणि देशभरातून आलेली पोरं ज्या वर्गात बसतात त्या वर्गात मी, करारावरचा परदेशी मास्तर, ती खूण करत होतो, तेही चूक म्हणून. म्हणजे एका बाजूला ती चिथावणी वाटली असती, दुसऱ्या बाजूला थट्टा. त्या ऐंशीतल्या कोणीही बाहेर जाऊन एक वाक्य बोललं असतं तर माझं काय झालं असतं ते मी अजून नीट मोजलेलं नाही. कोणी बोललं नाही. मी त्यातल्या निम्म्यांना मागच्या सत्रात नापास केलं होतं, हे इथं सांगायला हवं. त्या निकालाच्या आठवड्यात माझ्या दाराखालून एक चिठ्ठीही सरकली होती, इंग्रजीत, स्पेलिंगच्या चुकांसह: गो होम. ती मी विभागप्रमुखांना दाखवली, त्यांनी घडी घालून खिशात टाकली आणि संध्याकाळी मला कॉफीला घरी बोलावलं. तीन कप कॉफीत त्यांनी चिठ्ठीचा विषय काढला नाही. पण त्यांच्याकडं आणखी दोन प्राध्यापक आणि गावातले एक वडीलधारे बसले होते आणि मी त्या घरात बसलोय हे सगळ्या गल्लीनं बघितलं. पुन्हा चिठ्ठी आली नाही.

आणीबाणीत राजदूतांनासुद्धा परवानगीशिवाय अदिस अबाबापासून 40 किलोमीटरच्या पलीकडं जायची मुभा नव्हती. मी साडेचारशेच्या पलीकडं. इकडं उदगीरला माय नुकतीच इमोवर बोलायला शिकली होती, तिचा रोज रात्रीचा कॉल बंद पडला. साध्या फोनवरून मिनिटं मोजत बोलायचो. "टीव्हीवाला काहीबाही दाखवलालाय रे. तिकडं गोळीबार हाय म्हनं." मी सांगायचो, इथं काही नाही. ती विचारायची, "नीट जेवलालास का?" जेवत होतो. शिरो नावाचं हरभऱ्याच्या पिठाचं कालवण मिळतं, म्हणजे पिठलंच, जरा मसाला वेगळा. हे मी तिला तीन वर्षांत पन्नासदा सांगितलं होतं, तरी तिला ते दर वेळी नव्यानं ऐकायचं असे. गाशे खिडकीबाहेर उभे राहून मराठी ऐकायचे आणि शेवटी त्यांच्याकडून निरोप: आईला सांग, आयझोश. बाईला म्हणताना शब्द असा बदलतो. मायनं तो उच्चारून बघितला आणि म्हणाली, "त्यास्नी म्हन, बरंय."

2018 ला मी परत आलो. वडील त्याआधीच गेले होते. छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाजवळ पहाडसिंगपुऱ्यात घर घेतलं. हे गाव वसवलं तेच मुळी इथिओपियाच्या माणसानं. गुलाम म्हणून मोखा, बगदाद अशा बाजारांतून विकला जात मलिक अंबर दख्खनेत पोचला, 1610 मध्ये त्यानं खडकी गावी राजधानी केली, जमिनीखालून नहर खेळवली आणि शेवटी इथंच खुलताबादच्या मातीत गेला. अर्बा मिंचच्या वर्गात हे सांगितलं होतं तेव्हा पोरांनी बाकं वाजवली होती. मला सगळ्यात विचारात पाडणारा प्रश्न मात्र गाशेंचा होता: त्याला पहिल्या दिवशी भाकरी कोणी दिली?

वरची खोली भाड्यानं द्यायची होती. जो पहिला बघायला आला तो येमेनचा निघाला, ताइझचा, इथं पीएचडी करणारा. मी सी फॉर्म ऑनलाइन भरला. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं 24 तासांत तो भरायचा, असा तेव्हा नियम होता. समोरच्या काकू फाटकाशी आल्या. "सर, तुम्ही लई भोळे. कुठला कोण, रात्री-बेरात्री कोण येईल-जाईल." मी म्हटलं, काकू, चाऊस लोक कुठून आले? निजामाच्या काळात हद्रमौतहून, म्हणजे येमेनहूनच. राखणदारीला यायचे. माझ्या वर्गात एक चाऊस होता, सातवीपर्यंत मला ते आडनाव उदगीरचंच वाटायचं. काकूंना हा युक्तिवाद पटला नाही. "ते जुने," त्या म्हणाल्या.

पोरगा रोज सकाळी जिना उतरताना मला "सर, नमस्कार" म्हणायचा आणि समोर बघून काकूंनाही. काकू पहिले दोन महिने तुळशीला पाणी घालण्यात गुंतलेल्या असायच्या. मग मान हलवायला लागल्या. डिसेंबरात एकदा त्या माझ्याकडं आल्या, जरा चिडूनच. "तुमचा तो पोरगा कालपासून उतरला नाही. चपला तर दारातच आहेत." मी वर गेलो. डेंग्यू होता. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, चार दिवस काढले, डबा काकूंकडून गेला, मुगाची खिचडी, तूप नको म्हणून सांगूनही वरून तूप.

बरा होऊन आल्यावर त्यानं दाराला कुलूप मागितलं, जुनं सैल झालं होतं. माझ्याकडं अलीगढी होतंच. उपटलेल्या कोयंड्याचा ओरखडा अजून त्याच्या एका अंगाला आहे. दोन्ही किल्ल्या दिल्या. एक मी ठेवून घेऊ का, असं विचारायचं मनात आलं, पण विचारलं नाही.

दोन दिवसांनी दुसरी किल्ली काकूंच्या दाराशेजारच्या खिळ्याला दिसली, त्यांच्या स्वतःच्या किल्ल्यांबरोबर. मी विचारलं तर म्हणाल्या, "आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तो बी दुपारी. तो लायब्ररीत असतो. ड्रम कोण भरणार?"